सिएटलचा जातिभेदविरोधी कायदा कसा मंजूर झाला? सिटी कौन्सिलच्या कामकाजाची ओळख

२१ फेब्रुवारी २०२३, मंगळवार. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या सिएटल शहरात बोचरी थंडी होती, वारा सुटला होता. तरीही सिटी हॉलबाहेर सकाळपासूनच कार्यकर्त्यांची रांग लागली होती. दुपारी शहराच्या सिटी कौन्सिलची बैठक होती आणि विषयपत्रिकेवर एक विषय असा होता, जो अमेरिकेतल्या कोणत्याही शहराच्या सभागृहापुढे त्याआधी मतदानाला आला नव्हता. शहराच्या भेदभावविरोधी कायद्यात 'जात' हा शब्द घालायचा की नाही, हा तो विषय. ६ विरुद्ध १ मतांनी तो मंजूर झाला आणि जातीवर आधारित भेदभावाला स्पष्ट शब्दांत बंदी घालणारे सिएटल हे अमेरिकेतले पहिले शहर ठरले.

ही बातमी आपल्याकडे आनंदाने वाचली गेली. पण त्यानंतर आमच्या अभ्यासवर्गात तरुणांनी विचारलेला प्रश्न आम्हाला आनंदापेक्षा महत्त्वाचा वाटला : "कायदा तर संसद आणि विधानसभा करते. मग नऊ नगरसेवकांनी कायदा केला कसा? आणि त्यांना जमते ते आपल्या महापालिकेला का जमत नाही?" या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायचे तर सभागृहाचे कामकाज टप्प्याटप्प्याने समजून घ्यावे लागेल.

अध्यादेश नव्हे, शहराचा कायदा

पहिला गोंधळ शब्दाचा आहे. मराठी बातम्यांमध्ये 'ऑर्डिनन्स' या शब्दासाठी अनेक ठिकाणी 'अध्यादेश' असे छापले गेले. भारतात अध्यादेश म्हणजे सभागृहाचे अधिवेशन चालू नसताना राष्ट्रपती किंवा राज्यपालांनी काढलेला तात्पुरता कायदा. अमेरिकेतल्या शहरांचा ऑर्डिनन्स याच्या नेमका उलट असतो. तो सभागृहात, उघडपणे, मतदानाने होतो आणि कायम टिकतो. त्याला 'शहराचा कायदा' म्हणणेच योग्य.

सिएटलची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ७ लाख ३७ हजार. कौन्सिलचे सदस्य फक्त नऊ. त्यांपैकी सात जण आपापल्या विभागातून निवडून येतात आणि दोघांना सगळे शहर मत देते. मुंबईत २२७ नगरसेवक आहेत, हे लक्षात घेतले तर एका सदस्यावर किती लोकांचा भार असतो ते कळेल. दुसरा फरक महापौराचा. आपल्याकडे महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो आणि प्रशासनाची खरी सूत्रे राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांच्या हाती असतात. सिएटलचा महापौर जनता थेट निवडते, प्रशासन तोच चालवतो आणि कौन्सिलने मंजूर केलेला कायदा त्याच्या सहीसाठी जातो.

ठराव वेगळा, कायदा वेगळा

याच सभागृहाने ३ फेब्रुवारी २०२० रोजी भारतातील नागरिकत्व सुधारणा कायदा आणि एनआरसी यांच्या विरोधात एक ठराव एकमताने मंजूर केला होता. तो मांडणाऱ्या सदस्या क्षमा सावंत. त्या पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या आणि २०१४ पासून सिएटल कौन्सिलवर होत्या. २०२३ चा जातिभेदविरोधी कायदाही त्यांनीच मांडला.

सदस्या एकच, सभागृह एकच, पण दोन्ही कागदांचे वजन वेगळे आहे. ठराव म्हणजे सभागृहाचे मत. त्याने एखाद्या प्रश्नावर शहर कोणत्या बाजूला उभे आहे ते कळते, पण तो मोडला म्हणून कोणाला शिक्षा होत नाही. कायदा हक्क देतो, बंधन घालतो आणि तो मोडला तर तक्रार करता येते. सिएटलच्या सनदेनुसार, म्हणजे शहराच्या मूळ नियमावलीनुसार, कायदा करण्याचे काम ऑर्डिनन्सनेच होते. एका ऑर्डिनन्समध्ये एकच विषय असावा लागतो आणि तो शीर्षकात स्पष्ट असावा लागतो. एका विषयाच्या पोटात दुसरा विषय दडवून मंजूर करून घेण्याची सोय त्यामुळे राहत नाही.

कार्यकर्त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारायला हवा : आपण मागतो आहोत ते मत आहे की हक्क? जातिभेदाचा निषेध करणारा ठराव मिळाला असता तरी फोटो आणि पेढे झाले असते. पण ज्या कर्मचाऱ्याला जात कळल्यामुळे बढती नाकारली, त्याच्या हातात काही पडले नसते.

मसुदा : शब्द ठरतात तो टप्पा

बाहेरून पाहणाऱ्याला मतदानाचा दिवस मोठा वाटतो. प्रत्यक्षात लढाईचा बराच भाग मसुद्यात झालेला असतो. सिएटलच्या मसुद्यात तीन गोष्टी ठरवायच्या होत्या.

पहिली, हा कायदा कुठे बसवायचा. स्वतंत्र कायदा करण्याऐवजी शहराच्या मानवी हक्कविषयक नियमांमध्ये वंश, रंग, धर्म, लिंग, राष्ट्रीय मूळ अशी जी यादी आधीपासून आहे, तिच्यात 'जात' हा शब्द जोडायचे ठरले. त्यामुळे तक्रार घेणारे कार्यालय, चौकशीची पद्धत, भरपाईची तरतूद हे सगळे तयारच मिळाले. नवी यंत्रणा उभी करावी लागली नाही.

दुसरी, तो कशाला लागू होणार. नोकरी, घर आणि सार्वजनिक सोयी, म्हणजे हॉटेल, दुकाने, वाहतूक यांसारख्या जागा.

तिसरी आणि सर्वांत अवघड, जातीची व्याख्या. कायद्यातली व्याख्या थोडक्यात अशी आहे : जन्माने ठरणारा दर्जा, जातीतच लग्न करण्याची रीत आणि रूढी, कायदा किंवा धर्म यांनी मान्य केलेले सामाजिक अडसर, या लक्षणांची ताठर उतरंड. या व्याख्येत कोणत्याही एका देशाचे किंवा धर्माचे नाव नाही. समाजशास्त्र शिकलेल्या आम्हाला त्यात एक ओळखीची खूण दिसते. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात जातीतच लग्न करण्याची प्रथा हे जातिव्यवस्थेचे मूळ लक्षण म्हणून मांडले होते. शंभरहून अधिक वर्षांनी त्याच देशातल्या एका शहराच्या कायद्यात हे लक्षण व्याख्येचा भाग झाले.

मसुद्यामागे आधीचे कामही होते. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला होता. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को कंपनीविरुद्ध जातिभेदाचा खटला भरला होता. या सगळ्यामुळे सिएटलचा मसुदा सभागृहापुढे आला तेव्हा 'जात' हा शब्द अगदीच अनोळखी राहिलेला नव्हता.

लोकांचे बोलणे

सभागृहातल्या कामकाजाचा आपल्याला सर्वांत परका वाटणारा भाग हा आहे. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यानुसार स्थानिक सभागृहांना अंतिम निर्णय उघड बैठकीतच घ्यावा लागतो. त्यात २०२२ मध्ये सुधारणा झाली आणि असा निर्णय होणाऱ्या नियमित बैठकीत किंवा तिच्याआधी लोकांना म्हणणे मांडण्याची संधी देणेही आवश्यक झाले. नाव नोंदवायचे, पाळी आली की माईकपुढे किंवा फोनवर ठरलेल्या एकदोन मिनिटांत बोलायचे. शहराचा नागरिक मत देतो आणि पाच वर्षे घरी बसतो, असे तिथे अपेक्षित नाही.

त्या मंगळवारी तीनशेहून अधिक लोकांनी बोलण्यासाठी नावे दिली होती. सुमारे निम्म्या लोकांचे ऐकून घेतल्यावर कौन्सिल चर्चेकडे आणि मतदानाकडे वळली. बोलणाऱ्यांत दोन्ही बाजूंचे लोक होते. आंबेडकरी संघटना, इक्वालिटी लॅब्जसारखे दलित हक्कांचे गट, कामगार कार्यकर्ते बाजूने बोलले. हिंदू अमेरिकन फाउंडेशन आणि कोअॅलिशन ऑफ हिंदूज ऑफ नॉर्थ अमेरिका या संघटनांचा कायद्याला विरोध होता.

दोन मिनिटे म्हणजे फार थोडा वेळ. त्यात इतिहास सांगत बसलो तर मुद्दा राहून जातो. अशा वेळी आपल्या बाबतीत काय घडले, आताच्या कायद्यात त्यावर दाद का मिळाली नाही आणि सभागृहाने नेमके काय करावे, एवढेच सांगायचे असते. हे बोलणे सरावाशिवाय जमत नाही. आपल्या जयंतीच्या व्यासपीठावरचे भाषण आणि हे बोलणे यांत फार अंतर आहे.

चर्चा आणि मतदान

विरोधातले मुद्दे दोन-तीन होते आणि ते टाळून पुढे जाणे बरोबर नाही. एक, जातिभेद किती होतो याची पुरेशी आकडेवारी नाही. दोन, राष्ट्रीय मूळ, वंश, धर्म या शब्दांत हे संरक्षण आधीच येते, वेगळा शब्द कशाला? तीन, असा कायदा दक्षिण आशियाई, विशेषतः हिंदू समाजाकडे संशयाने पाहायला लावेल आणि शहरावर खटले ओढवतील. विरोधात मत देणाऱ्या एकमेव सदस्या सारा नेल्सन यांनी आकडेवारीचा अभाव आणि खटल्यांचा धोका यांवर भर दिला होता.

आकडेवारीच्या मुद्द्यावर आमचे म्हणणे असे. तक्रारीच्या अर्जावर ज्या गोष्टीचा रकाना नाही, तिची नोंद होत नाही. नोंद नाही म्हणून आकडा नाही आणि आकडा नाही म्हणून रकाना नको, असे म्हटले तर हे चक्र कधीच तुटणार नाही. राष्ट्रीय मूळाचा मुद्दाही असाच आहे. त्रास देणारा आणि सोसणारा दोघेही एकाच देशातून, एकाच धर्मातून, कदाचित एकाच जिल्ह्यातून आलेले असतील, तर राष्ट्रीय मूळ या शब्दाने ती तक्रार कशी पकडायची? तिसरा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. कायदा कोणत्याही समाजाला जन्माने दोषी ठरवत नाही, तो कृतीला बंदी घालतो, हे पुन्हा पुन्हा सांगणे ही कायद्याच्या बाजूने असलेल्यांचीच जबाबदारी आहे. व्याख्येत कोणत्याही धर्माचे नाव नसणे म्हणूनच महत्त्वाचे.

मतदानाचा नियमही समजून घ्यावा. सिएटलमध्ये कायदा मंजूर व्हायला हजर सदस्यांचे नव्हे, तर एकूण सदस्यसंख्येचे बहुमत लागते. म्हणजे नऊपैकी पाच मते. प्रत्येकाचे मत नावानिशी नोंदवले जाते. त्या दिवशी सात जणांनी मत दिले. अशा नियमात गैरहजर राहणारा सदस्य तटस्थ नसतो. त्याच्या गैरहजेरीमुळे मंजुरीसाठी लागणारी मते कमी होत नाहीत. म्हणून फक्त विरोधकांना पटवणे पुरत नाही, बाजूचे सदस्य बैठकीला येतील हेही पाहावे लागते.

महापौराची सही आणि तीस दिवस

सभागृहाने मंजूर केले म्हणजे कायदा झाला असे नाही. तो महापौराकडे जातो. महापौर सही करू शकतो, नकार देऊन परत पाठवू शकतो किंवा दहा दिवस काहीच केले नाही तर सहीशिवायही कायदा होतो. नकार दिला तर नऊपैकी सहा मतांनी कौन्सिल तो नकार ओलांडू शकते. महापौर ब्रूस हॅरेल यांनी दोन दिवसांत, २३ फेब्रुवारीला सही केली. त्यानंतर तीस दिवसांनी कायदा लागू झाला.

ही पायरी दुर्लक्ष करण्यासारखी नाही, हे त्याच वर्षी कॅलिफोर्नियात दिसले. राज्याच्या सिनेटर आयशा वहाब यांनी मांडलेले जातिभेदविरोधी विधेयक दोन्ही सभागृहांत मोठ्या बहुमताने मंजूर झाले, पण गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ७ ऑक्टोबर २०२३ रोजी सही नाकारली. आधीच्या कायद्यांत हे संरक्षण आहेच, असे कारण त्यांनी दिले. त्याच राज्यातल्या फ्रेस्नो शहराच्या कौन्सिलने मात्र त्याच्या काही दिवस आधी, २८ सप्टेंबरला, आपल्या शहरापुरता असा कायदा एकमताने मंजूर केला होता. मोठे दार बंद झाले, पण लहान दार उघडे होते.

शहराच्या कायद्याची मर्यादाही यातच आहे. तो शहराच्या हद्दीबाहेर चालत नाही. मायक्रोसॉफ्टचे मुख्यालय सिएटलजवळच्या रेडमंडमध्ये आहे. रेडमंड हे वेगळे शहर, त्याची कौन्सिल वेगळी. सिएटलचा कायदा तिथे लागू होत नाही.

महाडने शिकवलेला धडा

मंजुरी आणि अंमल यांतले अंतर आपल्याला सिएटलकडून शिकायची गरज नाही. ते आपल्या इतिहासातच आहे. रावबहादूर सी. के. बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून ठराव केला. कागदावर चवदार तळे खुले झाले. प्रत्यक्षात तीन वर्षे एकही अस्पृश्य माणूस तिथे पाणी भरू शकला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले, तेव्हा ते नवा हक्क मागत नव्हते. नगरपालिकेने आधीच मान्य केलेला हक्क बजावत होते.

पुढे काय झाले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळ्याचा वाद कोर्टात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अस्पृश्यांच्या बाजूने अंतिम निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. ठराव ते निकाल, तेरा वर्षे.

यातून दोन गोष्टी कळतात. सभागृह जे देते ते सभागृह परतही घेऊ शकते. आणि वापरला न गेलेला हक्क काढून घेणे सोपे असते. सिएटलमध्ये अंमलाचे काम शहराच्या नागरी हक्क कार्यालयाकडे आहे. तिथे तक्रार नेणारी माणसे, त्यांना धीर देणाऱ्या संघटना आणि पाठपुरावा करणारे वकील नसतील, तर तो कायदाही महाडच्या १९२४ च्या ठरावासारखाच कागदावर राहील.

आपल्याकडे कोणती दारे आहेत?

आता अभ्यासवर्गातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे. आपल्या महापालिकांना सिएटलसारखा नागरी हक्कांचा कायदा करण्याचा अधिकार नाही. त्या ठराव करू शकतात आणि कायद्याने नेमून दिलेल्या विषयांवर उपविधी करू शकतात. उपविधीसाठी आधी सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात आणि राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय तो लागू होत नाही. ठरावावरही वरून नियंत्रण असते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य सरकार महापालिकेचा ठराव विखंडित करू शकते. नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी १९६५ च्या अधिनियमातल्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी थांबवू शकतात. सर्वसाधारण सभेत आपण प्रेक्षक म्हणून बसू शकतो, बोलू शकत नाही. शिवाय निवडणुकाच लांबल्या तर सभागृहच उरत नाही. मार्च २०२२ नंतर मुंबई महापालिका कित्येक वर्षे प्रशासकाच्या हाती राहिली, हे आपण पाहिले आहे.

तरीही काही दारे उघडी आहेत. उपविधीचा मसुदा जाहीर झाला की मुदतीत लेखी हरकत देता येते आणि वस्तीतल्या पन्नास जणांनी स्वतंत्रपणे दिलेल्या हरकतींना एका निवेदनापेक्षा जास्त वजन असते. आपल्या नगरसेवकामार्फत विषय पत्रिकेवर आणता येतो. सभेचे इतिवृत्त आणि ठरावाची नक्कल माहिती अधिकारात मागता येते. आणि जातीशी थेट जोडलेला एक विषय तर समोरच आहे. वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. त्याचा अंमल स्थानिक सभागृहांमधूनच व्हायचा आहे.

आम्ही ज्या वस्त्यांमध्ये काम करतो, त्यांतल्या एका वस्तीच्या नावाचा असा ठराव झाला. हार-तुरे झाले, फलकाचे पूजन झाले. वर्षभराने एका मुलीने कॉलेजच्या अर्जासाठी रहिवासी दाखला काढला, तर त्यावर जुनेच नाव होते. वीजबिलावर तेच, टपालावर तेच. चौकशी केली तेव्हा कळले की मंजूर ठराव पुढच्या कार्यालयांना कळवलाच गेला नव्हता. त्या मुलीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी ठरावाची नक्कल काढली, तिच्यासोबत अर्ज लिहिले आणि एकेका कार्यालयात पोच घेऊन दिले. दाखल्यावरचे नाव बदलले आहे. वीजबिलासाठीचा अर्ज अजून चालू आहे.